मुलाखत घंटागाडीवरच्या नोकरीची!

मुलामुलींनो, सकाळी सात-साडेसातला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काय ऐकू येतं बरं? कुठे टणटण घंटा, तर कुठे कर्ण्यावरचं गाणं. मग घराघरांत एकच धांदल उडते. ‘‘अगं, डबा कुठे ठेवलास? गाडी चालली बघ!’’ आजोबा चपला शोधतात, आई अर्धी पोळी तव्यावर टाकून धावते. आणि तुम्ही? तुम्ही बहुतेक अंथरुणात एक डोळा उघडून पडलेले असता! दोन मिनिटांत गाडी पुढे जाते आणि तुमच्या घरातला कालचा सगळा कचरा घेऊन जाते.

त्या गाडीवर एक चालक असतो. बरोबर एक-दोन मदतनीस असतात. ही माणसं त्या नोकरीवर कशी लागली असतील, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? ‘‘त्यात काय एवढं? त्या कामाला कुणालाही घेतात!’’ असं बरेच जण म्हणतात. मुळीच नाही हं! त्यासाठीही अर्ज करावा लागतो, कागदपत्रं लागतात आणि चक्क मुलाखत द्यावी लागते.

पूर्वी हे काम बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचे स्वतःचे कामगार करत. आता अनेक शहरांत नगरपालिका किंवा महानगरपालिका ठेका देते आणि एखादी कंपनी गाड्या व माणसं पुरवते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील याच कामात आहेत. माझ्याकडे शिकून गेलेली काही मुलंही आता वीस-बावीस वर्षांची झाली आहेत आणि नोकऱ्या शोधताहेत. त्यांच्यापैकी चार जणांनी आपापल्या मुलाखतीची हकीकत मला सांगितली. ‘‘बाई, नाव मात्र छापू नका. चाळीत अजून कुणाला सांगितलेलं नाही,’’ असं एक जण म्हणाला. म्हणून इथे कुणाचंच नाव दिलेलं नाही. चोरी केली नाही, लबाडी केली नाही, तरी नाव लपवावंसं वाटावं! हे वाचून झाल्यावर याचा विचार तुम्हीच करा.

चाकामागे काय आहे?

पहिली मुलाखत चालकाची. उमेदवार बावीस वर्षांचा. व्यवसायाचं वाहन रस्त्यावर चालवायचं तर कायद्याने वीस वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि परवाना तर हवाच हवा. कंपनीच्या आवारात सकाळी आठ उमेदवार जमले. आधी परवाना, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला पाहून झाला. मग साहेब म्हणाले, ‘‘ती गाडी मागे घ्यायची आणि त्या दोन पिंपांच्या मध्ये उभी करायची.’’

पहिले तिघं पटकन चढले आणि गाडी झोकात मागे घेतली. तिघांच्याही वेळी ‘कड्’ असा आवाज झाला. मागच्या चाकापाशी साहेबांनी मुद्दाम एक जुनी प्लास्टिकची बादली ठेवली होती! ती आरशात दिसतच नव्हती. दर वेळी नवी बादली ठेवली जायची.

आपल्या उमेदवाराची पाळी पाचवी. तो आधी गाडीभोवती एक फेरी मारून आला. बादली उचलून बाजूला ठेवली, मदतनिसाला मागे आपल्याला आरशात दिसेल असं उभं केलं, आणि मग गाडी सुरू केली. साहेबांनी विचारलं, ‘‘तुला बादलीचं आधी कळलं होतं का रे?’’

‘‘नाही साहेब. पण आमच्या शाळेत पाण्याचा टँकर मागे यायचा, तेव्हा बाई आम्हाला भिंतीशी उभं करायच्या आणि स्वतः मागे जाऊन बघायच्या. ते ध्यानात राहिलं.’’

नोकरी त्याला मिळाली. तुम्हीही यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या गाडीच्या अगदी मागे, आणि उंच असेल तर अगदी पुढेसुद्धा, असा एक भाग असतो, जो चालकाला बसल्या जागेवरून दिसत नाही. साधी खूण सांगते. तुम्हाला आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. म्हणून डबा घेऊन धावत गाडीच्या मागे कधी जायचं नाही. गाडी थांबू द्या, मग बाजूने जा.

चौथीतलं गणित, नोकरीच्या मुलाखतीत

दुसरी मुलाखत एका बी.कॉम. झालेल्या मुलीची. तिला कचरा उचलायचा नव्हता, मोजायचा होता. कचऱ्याची गाडी भरली की ती वजनकाट्यावर जाते. तिथे आधी भरलेल्या गाडीचं वजन होतं आणि गाडी रिकामी झाली की पुन्हा रिकाम्या गाडीचं. मुलाखतीत साहेबांनी एक कागद पुढे केला. भरलेली गाडी ३,८६० किलो. रिकामी गाडी २,३१० किलो. कचरा किती?

करा पाहू! बरोबर, १,५५० किलो. आता पुढचा प्रश्न. त्यातला ६२० किलो ओला कचरा असेल, तर तो शेकडा किती? ४० टक्के. बघा, वजाबाकी तुमच्या चौथीच्या वहीतली आणि शेकडेवारी पाचवी-सहावीतली. ‘‘बाई, हातात गणकयंत्र नव्हतं, पण तुमचे पाढे होते,’’ असं ती हसत हसत म्हणाली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. अनेक ठिकाणी ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात. जितकं वजन जास्त, तितके पैसे जास्त. मग गाडीत कचऱ्याबरोबर माती, विटा, बांधकामाचा राडारोडा भरायचा मोह एखाद्याला होऊ शकतो. साहेबांनी विचारलं, ‘‘गाडीत राडारोडा दिसला तर काय करशील?’’

‘‘वहीत नोंद करीन आणि तुम्हाला सांगीन.’’

‘‘आणि चालक तुझ्या ओळखीचा असला तर?’’

‘‘तरी नोंद तीच राहील, साहेब.’’

मग साहेबांनी खोटाखोटा फोन केला आणि चिडलेल्या गृहस्थाच्या आवाजात ओरडले, ‘‘दोन दिवस तुमची गाडी आलेली नाही! झोपा काढता काय?’’ ही मुलगी आधी क्षणभर गांगरली. पण मग शांतपणे तिने विचारलं, ‘‘काका, गल्ली कुठली? रोज किती वाजता गाडी येते? शेजारच्या गल्लीत आली होती का?’’ भांडणाला उत्तर न देता माहिती विचारायची, हे तिला आधीच कुणी शिकवलं नव्हतं. घरी तीन लहान भावंडं असली की ते आपोआप येत असावं!

कानाने ओळखलेलं प्लास्टिक

तिसरी मुलाखत एका आईची. त्यांची लेक माझ्या चौथीच्या वर्गात आहे. या मावशी पंधरा वर्षं रस्त्यावरून, कचराकुंड्यांतून भंगार वेचत होत्या. कंपनीला सुका कचरा निवडण्याच्या शेडमध्ये माणसं हवी होती. अर्ज लेकीने भरला. ‘शिक्षण’ या रकान्यापाशी ती थांबली. आई म्हणाली, ‘‘लिही की ‘नाही’ म्हणून. त्यात लपवायचं काय?’’

मुलाखतीत साहेब म्हणाले, ‘‘मावशी, वाचता येत नाही, मग प्लास्टिक कुठलं ते कसं ओळखणार?’’

साहेबांच्या म्हणण्यात तथ्य होतं. प्लास्टिकच्या वस्तूच्या बुडाशी पुष्कळदा एक छोटा त्रिकोण असतो आणि त्यात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या पारदर्शक बाटलीचं प्लास्टिक. २ म्हणजे शाम्पूच्या बाटल्यांचं, डब्या-कॅनचं जाड प्लास्टिक. ४ म्हणजे पातळ पिशव्यांचं. ५ म्हणजे जेवणाचे डबे, बाटल्यांची झाकणं यांचं. हे सगळे प्रकार वेगवेगळ्या तापमानाला वितळतात. म्हणून ते एकत्र गेले तर पुन्हा वापरता येईल असा चांगला माल तयार होत नाही. आता घरातला एक डबा उलटा करून पाहा, सापडेल आकडा!

मावशी म्हणाल्या, ‘‘आकडा तुम्ही वाचा. मी नुसतं हाताळून सांगते.’’ टेबलावर दहा वस्तू मांडल्या. मावशी एकेक वस्तू उचलत, चुरगाळत, कानाशी नेत. दुधाची पिशवी मऊ बोलते, वेफर्सचं पाकीट चुरचुर करतं, पाण्याची बाटली कडकड वाजते, आणि जाड कॅनवर नख मारलं तर ‘ठक्’ असा बद्द आवाज येतो. मावशींनी दहा वस्तूंचे ढीग लावले. साहेबांनी एकेक उलटी करून आकडे पाहिले. सगळं जुळलं. दोन वस्तूंवर आकडाच नव्हता. त्या कुठल्या, ते मग साहेबांनीच मावशींना विचारलं!

पुढे गंमत अशी झाली, की मुलाखत उलटी सुरू झाली. मावशींनी विचारलं, ‘‘हातमोजे अन् बूट कोण देणार? फाटले तर नवे कधी मिळणार? कचऱ्यातली सुई टोचली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा?’’ त्या उगाच विचारत नव्हत्या. त्यांच्या डाव्या तळहातावर फुटक्या काचेचा लांब व्रण आहे. त्या वेळी पंधरा दिवस काम बंद, म्हणजे पंधरा दिवसांची कमाई बंद, आणि औषधाचा खर्चही पदरचाच होता. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘बाईला अन् गड्याला पगार एकच ना?’’ आपल्या देशात एकाच कामाला बाई आणि पुरुष यांना सारखाच पगार द्यावा, असा कायदा १९७६ साली झाला. मावशींना साल ठाऊक नव्हतं, पण हक्क ठाऊक होता.

त्यांना नोकरी मिळाली. पगार बँकेत जमा होतो. अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून त्या रोज रात्री एक पान गिरवतात. तपासायला घरात माझी विद्यार्थिनी आहेच, आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे!

पुण्यात तर याहून मोठी गोष्ट घडली. कचरा वेचणारे कष्टकरी, त्यांत बहुतेक बायकाच, १९९३ साली एकत्र आले आणि त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ साली तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला आणि या बायका घरोघर जाऊन कचरा गोळा करू लागल्या. सहकारी संस्था म्हणजे काय? तिथे काम करणाऱ्या कुणाच्या नोकर नाहीत. त्या सभासद आहेत, म्हणजेच संस्थेच्या मालक आहेत.

‘नाही’ म्हणणारा उमेदवार

चौथी हकीकत ऐकताना मात्र माझं मन जड झालं. हा माझा विद्यार्थी मदतनिसाच्या जागेसाठी एका ठेकेदाराकडे गेला होता. घरी वडील आजारी. दोन महिन्यांचं खोलीभाडं थकलेलं. मुलाखत पाच मिनिटांची. ‘‘पहाटे पाचला येशील? ओझं उचलशील?’’ तो हो म्हणाला. मग प्रश्न आला, ‘‘वेळ पडली तर गटारात उतरशील? शंभर रुपये जास्त देऊ.’’

‘‘साधनं देणार का साहेब? मुखवटा, दोर?’’

‘‘इतर सगळे तसेच उतरतात.’’

‘‘मग नाही उतरणार,’’ तो म्हणाला. ‘‘ते कायद्याने बंद आहे.’’

‘‘कायदा शिकवायला आलास का? चल, पुढचा!’’ मुलाखत संपली.

मुलांनो, गटारात आणि मैल्याच्या टाकीत विषारी वायू साठतात. त्यांतला एक सडक्या अंड्यासारखा वास येणारा असतो. पण तो फार झाला की नाकाला वास कळेनासा होतो, आणि माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. असे बळी आपल्याकडे वारंवार गेले आहेत. म्हणून २०१३ साली कायदा झाला. संरक्षणाच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला.

नोकरीची एवढी निकड असताना ‘नाही’ म्हणणं सोपं नव्हतं. त्या रात्री घरी बोलणीही खावी लागली. पुढे चार महिने त्याने भाजी मंडईत हमाली केली. मग एका दुसऱ्या कंपनीत घंटागाडीवर लागला. तिथे हातमोजे मिळतात, आठवड्याची सुट्टी मिळते. मला तो म्हणाला, ‘‘बाई, मी नापास झालो त्या मुलाखतीत.’’ मी त्याला म्हटलं, ‘‘नाही रे बाबा. त्या मुलाखतीत तुझा जीव वाचला.’’

उद्या तुमची पाळी

तुमच्यापैकी मोठी मुलं तीन-चार वर्षांत कुठे ना कुठे मुलाखतीला जाऊन बसतील. काम कचऱ्याचं असो, बँकेचं असो, नाहीतर माझ्यासारखं शाळेतलं असो. डी.एड. झाल्यावर मीही मुलाखत दिली होती, आणि हातातला खडू घामाने ओला झाला होता! या चौघांच्या अनुभवांतून काढलेल्या चार गोष्टी सांगते, त्या वहीत लिहून ठेवा.

एक, कागदपत्रांच्या प्रती द्या. मूळ दाखले दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका. दोन, ‘‘आधी पैसे भर, मग नोकरी लावतो,’’ असं कुणी म्हणालं की उठून बाहेर या. तीन, येत नसेल ते येत नाही म्हणा, पण जे येतं ते करून दाखवा, मावशींसारखं. चार, तुम्हीही प्रश्न विचारा. पगार किती आणि कधी, सुट्टी कधी, भविष्य निर्वाह निधी कापणार का, दुखापत झाली तर काय? उद्धटपणे नको, पण घाबरतही नको. मुलाखत म्हणजे भीक मागणं नव्हे. दोघांनी एकमेकांना पारखून घ्यायची ती वेळ असते.

रोज सकाळी होणारी मुलाखत

आता शेवटची गोष्ट. गाडीवरची माणसं रोज सकाळी तुमच्या घराचीही मुलाखत घेतात, हे माहीत आहे का? तोंडाने नाही, तुमच्या डब्यातून! ओला आणि सुका वेगळा आहे का? काच कागदात गुंडाळली आहे का? सुई, ब्लेड उघडी टाकलेली नाही ना?

कचरा वेगळा करण्याची कल्पना आजची नाही बरं का. १८८४ च्या सुमारास पॅरिस शहरात पूबेल नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक घरासाठी झाकणाचे डबे सक्तीचे केले. तीन डबे! एक सडणाऱ्या कचऱ्याचा, एक कागद-चिंध्यांचा आणि एक काच व शिंपल्यांचा. लोक इतके वैतागले, की डब्यालाच ‘पूबेल’ म्हणू लागले. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला अजूनही तोच शब्द आहे! आपल्याकडे २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी घरोघरी ओला, सुका आणि घातक अशी तीन भागांत विभागणी करायला सांगितली.

ती का करायची? मुंबईतल्या देवनारला १९२७ पासून कचरा टाकत आले. तिथे डोंगर उभे राहिले. ओला कचरा असा ढिगाखाली दबला, की त्याला हवा मिळत नाही आणि तो कुजताना मिथेन नावाचा पेट घेणारा वायू तयार होतो. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या त्या ढिगाला मोठी आग लागली. धूर इतका पसरला, की आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तोच ओला कचरा वेगळा ठेवला असता, तर त्याचं काळंभोर खत झालं असतं.

तेव्हा उद्या एवढं करा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा आणि वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहा. वापरलेले सॅनिटरी पॅड किंवा बाळाचे डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’च्या बायकांनी ही लाल ठिपक्याची खूण सुरू केली आहे. ती दिसली की पुडी उघडून पाहावी लागत नाही. एक काडी रंगवायला तुम्हाला किती वेळ लागतो? तेवढ्यात मावशींच्या तळहातावरचा पुढचा व्रण टळतो.

आणि घंटा वाजली की डबा द्यायला उद्या तुम्ही स्वतः जा. नाकाला रुमाल न लावता. गाडीवरच्या दादाला, ताईला त्यांचं नाव विचारा आणि परवापासून त्यांना त्याच नावाने हाक मारा.